आठ दिवसांचा गंज

सात स्क्रू. सहा काळे, तेलाने तुकतुकीत. एक तांबडा.

*

"मिठाच्या राशीवर चकाके ऊन, गोपीनाथरावांचं नाव घेते, भोईरांची सून." मग हसणं. मग घरघर.

*

अंगणात वाल सुकत घातले की कावळे हाकायला एक माणूस बसवावा लागतो.

*

ठाण्याच्या फौजदाराचा शेरा, मार्च १८९८: पाय घसरून विहिरीत पडली. घरात कलह नव्हता.

*

दुसरेपणावर दिलेल्या बायकोने पहिलीचा चांदीचा टाक गळ्यात घालायचा असतो. पहिली त्याने शांत राहते म्हणतात.

*

डोंबिवली स्टेशनचा तारमास्तर श्रीपाद वझे याने भर दुपारी एका लोखंडी स्क्रूवरून बोट फिरवलं, ते जिभेला लावलं आणि तीनदा थुंकला.

*

सातवा

त्या रविवारी सकाळी नऊ वाजता कोपरच्या काळुराम भोईरांचा गडी दोन तारा घेऊन स्टेशनात आला. काळुराम म्हणजे चार मिठागरांचे मालक आणि गावचे पाटील. पहिली तार ठाण्याच्या पोलिसांना: घरात नासधूस, आरोपी धरून ठेवला आहे, माणूस पाठवा. दुसरी कल्याणच्या भातगिरणीच्या मालकाला: तुमचा फिटर गुणाजी लबाड व चोर, कामावर ठेवू नये.

श्रीपादने दोन्ही तारा पाठवल्या. पाठवणं हे त्याचं काम होतं. मजकूर पटतो का, हे बघणं त्याचं काम नव्हतं.

मग तो तसाच बसून राहिला. तारयंत्राच्या दांडीचा स्क्रू तीन वर्षांपूर्वी खाडीच्या हवेने जाम झाला होता. तो गुणाजीने काढून, घासून, तेल देऊन बसवला होता. तीन वर्षांत त्याच्यावर तांबडा ठिपका आलेला नव्हता.

ठाण्याचा माणूस दुपारी तीनच्या गाडीने येणार होता. त्याआधी काही करता आलं तर आलं. गुणाजीला एकदा बेड्या पडल्या की गिरणी गेली, आणि गिरणीतून चोर म्हणून निघालेल्या फिटरला कल्याणात कोणी हातोडी धरू देत नाही. श्रीपादने मदतनिसाला खुर्चीत बसवलं, छत्री उचलली आणि कोपरची वाट धरली.

सहावा

"मास्तर, तुमी? तारेचा काय चुकला का?" काळुराम ओटीवरूनच ओरडले.

"तार गेली. म्हटलं, आलोच आहे तर ती बोलकी पेटी बघावी."

"बोलकी? आता मुकी झाली."

पेटी म्हणजे फोनोग्राफ. दोन वर्षांपूर्वी कल्याणचा एक साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा काळुरामांनी त्याच्याकडून ती वापरलेली घेतली होती. मेणाच्या नळीवर सुई आवाज कोरते आणि कर्ण्यातून तोच आवाज परत येतो. नळी पुन्हा कोरी करायची तर यंत्रातच तासायचं एक पातं आहे. ते एका स्क्रूने वर अडकवलेलं असतं. स्क्रू सैल केला की पातं नळीवर टेकतं, आणि नळी फिरली की आवाजाचा कीस होऊन खाली पडतो.

भोईरांच्या घरात अशा नळ्या पाच. त्यांतली एकच मोलाची. काळुरामांची सून लक्ष्मी हिने तिच्यात उखाणा घेतला होता. त्यानंतर तिसऱ्या दिवशी ती विहिरीत सापडली. परवा, शुक्रवारी, तिचं वर्षश्राद्ध. सगळे सोयरे जमलेले, काळुरामांनी नळी चढवली आणि कर्ण्यातून नुसती खरखर आली.

"तो पात्याचा स्क्रू साहेबाकडून आणली तवाच गंजून बसलेला," काळुराम म्हणाले. "दोन वरसं कोनाच्या बापाला हलला नाय. म्हनून तर मी निर्धास्त. पेटीची चावी ढिली झाली म्हनून गेल्या शनवारी ह्या गुणाजीला बोलावला. हा सांगतो, मी सगले स्क्रू साफ केले, पात्याचा पन केला. आनि बघा!"

श्रीपादने बघितलं. सहा स्क्रू काळे होते. सातवा, पात्याचा, विटेसारखा तांबडा.

"आठ दिवसांत असा गंज येतो? खोटा बोलला तो. आमची नळी कल्याणला विकली आनि कोरी ठेवली इथं."

नळी श्रीपादच्या हातात होती. तिच्या कडेला सुईने 'ल' कोरलेला होता.

"हा 'ल' कोणी कोरला?"

"माज्या पोरानं. गोपीनाथानं."

"मग नळी तीच आहे, पाटील. बदललेली नाही. तासलेली आहे."

काळुरामांचं तोंड उघडं राहिलं. तासायची तर स्क्रू काढायला हवा, आणि स्क्रू तर गंजलेला.

पाचवा

गुणाजी गोठ्यात बसला होता. हात मोकळे, हत्यारांची पिशवी जप्त.

"मास्तर, म्हशीची शपथ घेऊ का? इथे दुसरं कोणी ऐकायला नाही."

"तो सातवा स्क्रू काढला होतास?"

"काढला. घासलेट सोडलं, तासभर थांबलो, हलक्या हाताने ठोकला, काढला. आटे साफ केले, डोकं घासलं, तेल दिलं, परत बसवला. आरशासारखा होता, मास्तर! मी गंजका स्क्रू तसाच सोडून जाईन?"

"कोणाला दाखवलास?"

"कोणाला दाखवणार? पाटील आगरावर, धाकटे ठाण्याला कोर्टात. घरात बायका."

"बायकांनी काही विचारलं?"

गुणाजीने डोकं खाजवलं. "एकीने विचारलं. ह्या पात्याचं काय काम. मी सांगितलं. कोण ते बघितलं नाही, मान खाली घालून काम करत होतो. पायरीकडून आवाज आला." मग एकदम, "तीन वाजता येणार ना ठाण्याचा माणूस? गिरणीला तार गेली का हो?"

ती तार त्याच्याच बोटांनी गेली होती.

चौथा

(इथे फक्त उत्तरं आहेत. प्रश्न कळतील.)

आवडाबाई, काळुरामांची बायको, लक्ष्मीची सासू: "मी कशाला हात लावू त्या पेटीला? मना तर कर्णा बगूनच भ्या वाटतो. … माझी आनि तिची भांडणं? कोनी सांगितला? … फौजदारानं लिवलाय कागदावर. त्यानं नळी ऐकली, इथं ओटीवर बसून, चा पिऊन. बोलला, तीन दिवस आधी जी पोर अशी हसते ती काय जीव देईल, की तिला कोन ढकलील? … झाला की मग. परत कशाला उकरता?"

हेमा, गोपीनाथची दुसरी बायको, घाटावरची, सतरा वर्षांची, गळ्यात टाक: "मला नव्हता आवडत तो आवाज. दर अमावास्येला मला कर्ण्यासमोर बसवायचे. ती माझ्या नवऱ्याचं नाव घ्यायची आणि मी टाकाला हळदकुंकू लावायचं. … नाही, मी नाही विचारलं पात्याचं. मला त्या माणसाशी बोलू देतात होय? … बुधवारी आम्ही सगळेच आंबिवलीला, माझ्या मावशीकडे बारशाला. … घरात कोणीच नव्हतं. … हो, कोणीच नाही. वाल तेवढे सुकत घातले होते."

गोपीनाथ, ठाण्याच्या कोर्टातला कारकून, वय चोवीस: "बाबांची आज्ञा. कोणी पाहुणा आला, कोणी पाटलांच्या सुनेचं काय झालं म्हणून विचारलं, की नळी लावायची. … किती वेळा? मोजलं नाही. आवाज झिजत चालला होता. … मला काय वाटायचं? मला वाटून काय उपयोग, मास्तर? … विहिरीचं मला विचारू नका. मी त्या दिवशी कोर्टात होतो. हजेरीपुस्तकात आहे."

तिसरा

एक वाजला होता. फाल्गुनातलं ऊन ओटीच्या कडेपर्यंत आलं होतं. पेटी उन्हातच होती.

श्रीपादने आवडाबाईंकडून वाटीभर पाणी आणि चिमूटभर मीठ मागितलं.

"मास्तरांना सोवळ्यात जेवायचाय का?" काळुराम हसले.

श्रीपादने मीठ पाण्यात विरघळवलं, स्वतःच्या घड्याळाच्या लोखंडी किल्लीला ते पाणी चोपडलं आणि किल्ली पेटीशेजारी ठेवली. पंधरा मिनिटांत ती कोरडी झाली. तिच्यावर पांढरी पूड उरली.

मग त्याने पात्याच्या स्क्रूवरून बोट फिरवलं.

बोट ओलं झालं.

बाहेर कावळा उन्हाने चोच वासून बसला होता. ओटीची फरशी भाजत होती. आणि ह्या एका स्क्रूचं डोकं घामेजलेलं होतं. शेजारच्या सहांवर ओल नव्हती.

त्याने बोट जिभेला लावलं. ते खारट लागेल अशी त्याची अपेक्षा होती. कडू लागलं, कडूजहर. तो तीनदा थुंकला.

"पाटील," तो तोंड पुसत म्हणाला, "मीठ काढून घेतल्यावर तुमच्या वाफ्यात जे पाणी उरतं, त्याची चव कशी?"

"कडू. गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत. पायाच्या भेगांत गेला तर रात्रभर…" काळुराम बोलता बोलता थांबले.

"आणि ते वाळतं का?"

"नाय वाळत. कितीबी ऊन परू दे. हवेतला पानी ओढतो तो. लोखंडाला लागला तर संपला. म्हनून आमी आगरात सगला लाकराचा वापरतो."

"गुणाजी खरं बोलला. त्याने स्क्रू साफ केला होता. तेल दिलेला स्क्रू खाडीच्या हवेने आठ दिवसांत असा होत नाही, आणि हवेनेच झाला असता तर सातही झाले असते. कोणीतरी बुधवारी हे घर रिकामं असताना स्क्रू काढला, नळी तासली, स्क्रू परत बसवला आणि त्यावर हे पाणी चोळलं. का? तर तुम्ही बघावं, आणि म्हणावं की स्क्रू दोन वर्षं जसा होता तसाच आहे, कोणी हात लावलेला नाही."

"मग कोन?"

"पाटलीणबाईंनी केलं असतं तर घरातलं मीठ घेतलं असतं. हेमाने तर आगर अजून बघितलंही नसेल. गोपीनाथरावांचे पाय कोर्टाच्या फरशीवरचे. गुणाजी कल्याणचा. हे पाणी ज्याच्या हाताला सहज लागतं, असं माणूस हवं. रोज आगरात उतरणारं." श्रीपाद हेमाकडे वळला. "वहिनी, बुधवारी वाल सुकत होते म्हणालात. कावळे कोण हाकत होतं?"

हेमाने सासूकडे बघितलं. सासूने जमिनीकडे.

"ठमाबाई," हेमा म्हणाली. "पण त्या काय… त्या घरातल्या नाहीत ना."

दुसरा

ठमाबाई. लक्ष्मीची आई. विधवा. काळुरामांच्याच आगरात मीठ ओढायला जाणारी. लेक गेल्यापासून दर अमावास्येला ती ह्या ओटीच्या पायरीवर येऊन बसायची. उखाणा ऐकायची आणि उठून जायची. वर बसायला तिला कोणी सांगितलं नाही. आली की पाटलीणबाई काहीतरी काम काढायच्या. गेल्या शनिवारी वाल सोलायला बसवलं होतं. बुधवारी कावळे.

श्रीपादला ती आगराच्या बांधावर सापडली. गुडघ्यापर्यंत लुगडं खोचलेलं, पायांच्या भेगा पांढऱ्या.

"ठमाबाई, तासलेलं मेण कुठे आहे?"

तिने हातातलं लाकडी फावडं खाली ठेवलं. नाही म्हणाली नाही. रडलीही नाही.

"मी वाट बगत होते कोन इचारतो," ती म्हणाली. "कोनी इचारलाच नाय. सगल्यांना इचारला. हेमाला इचारला, म्हशीला पन इचारला असंल. मना नाय."

"तुझ्यावर कोणाला संशय येईल? तू तर तोच आवाज ऐकायला यायचीस."

"ऐकायला यायची, मास्तर. बाराच्या बारा अमावास्या. पयल्या दोनदा मना वाटला, माझी पोर आली. मंग बगितला, दर टायमाला ओटीवर नवा मानूस बसलेला. कोन सोयरा, कोन ठाण्याचा. पाटील त्याला बोलायचा, ऐक, कशी सुकात होती बग. आनि ती हसायची. दर टायमाला त्यांच्या बाजूनं साक्ष द्यायची. फौजदारापुढं पन तिनंच दिली." तिने पदराने मान पुसली. "माज्या पोरीला मेल्यावर पन राबवून घेत होते."

"मग नळी फोडायची."

"फोडली असती तर हेमाला मारला असता. ती पोर पन कोनाचीतरी हाय. म्हनून गंज लावला. म्हटला, स्क्रू तसाच दिसंल, कोनी हात लावला नाय असा वाटंल. बोलतील, लक्ष्मीनंच नेला आपला आवाज. भितील." ती पहिल्यांदाच थोडी हसली. "एक रात तरी भितील."

"आणि गुणाजी?"

तिचं हसू गेलं. "त्या फिटरला परत बोलावतील असा वाटलाच नाय. त्यानं मना नीट सांगितला होता, बाई, हा पाता असा फिरतो, तसा फिरतो. मानसासारखा बोलला." ती बांधावरून उतरू लागली. "चला. सांगते त्या पोलिसाला."

"मेण?"

"खाडीत सोरला. बुदवारीच. अस्थी मना दिल्या नव्हत्या, त्या त्यांनीच नेल्या. ह्या मना मिलाल्या."

पहिला

तीन वाजून वीस मिनिटांनी ठाण्याचा शिपाई ओटीवर आला. आवडाबाईंनी त्याला चहा दिला.

त्याआधी, तीन वाजायच्या सुमारास, श्रीपाद आणि काळुराम माजघरात दहा मिनिटं बोलले होते. ते बोलणं सांगण्यासारखं नाही, पण सांगतो.

"पाटील, ठमाबाई कबूल करायला तयार आहे. शिपाई तिला विचारील, स्वतःच्या लेकीचा आवाज का पुसलास? मग ती त्याला कारण सांगेल. सगळं. शिपाई ते लिहून घेईल."

काळुरामांनी खांबाला नख लावलं.

"तुमचा काय बोलना हाय, मास्तर?"

"गुणाजीला सोडा. गिरणीला दुसरी तार करा, पहिली चुकीची होती म्हणून. ठमाबाईला आगरातल्या कामावरून काढू नका."

"आनि ती? गप बसंल?"

"तिला मी सांगतो."

"आनि तुमी?"

श्रीपादने घड्याळ काढून बघितलं. तीनला पाच मिनिटं होती. "मी काय," तो म्हणाला, "मी तारमास्तर. लोकांचं बोलणं पोटात ठेवायचा मला पगार मिळतो."

एवढं म्हणून तो बाहेर आला. अंगणाच्या कडेला ठमाबाई उभी होती. त्याने तिला समजावलं. गुणाजी सुटतोय, तुझ्या हातात पुरावा नाही, तुझंच तोंड काळं करतील. ती ऐकत राहिली. तिने एवढंच विचारलं, "म्हंजे माज्या पोरीचा ऱ्हायला तसाच ऱ्हायला?" त्याने मान हलवली. ती परत आगराकडे गेली.

शिपायाला काळुराम म्हणाले, "उन्हानं मेन वितललं. आमचीच चूक. पेटी उन्हात ऱ्हायली."

शिपायाने चहा संपवला, स्क्रूकडे न बघता कर्ण्यात डोकावून बघितलं आणि विचारलं, "ह्यात लावणी वाजते का?"

गुणाजीला त्याची पिशवी मिळाली. तो गोठ्यातून थेट ओटीवर आला, कोणाशी न बोलता पेचकस काढला आणि सातवा स्क्रू काढून घासायला बसला. आवडाबाई म्हणाल्या, "राहू दे रे बाबा, आता काय त्याचा." तो म्हणाला, "माझ्या हातचा आहे, बाई. असा नाही सोडणार." त्याने तो राखेने घासला, साध्या पाण्याने दोनदा धुतला, पुसला, तेल दिलं, बसवला. मग श्रीपादच्या मागोमाग स्टेशनवर आला.

साडेचारला काळुरामांच्या अंगठ्याची दुसरी तार गेली. श्रीपादने ती इतकी जपून पाठवली की पलीकडच्या कल्याणच्या माणसाने विचारलं, आज हात दुखतोय का. गुणाजी बाकावर बसून राहिला. मधे एकदा म्हणाला, "मास्तर, तुम्ही नसता तर मेलो होतो." श्रीपाद म्हणाला, "चहा घे."

सहाला उत्तर आलं. यंत्र कडकडलं, श्रीपादने नेहमीच्या अक्षरात उतरून घेतलं: दोन्ही तारा पोचल्या. जागा दुपारीच भरली. नाव कमी केलेला माणूस परत घेत नाही.

त्याने कागद गुणाजीसमोर ठेवला. गुणाजीला वाचता येत नव्हतं. श्रीपादला वाचून दाखवावं लागलं.

"पण चोर नाही म्हणून लिहिलंय ना?" गुणाजीने विचारलं.

"तसं काही लिहिलेलं नाही."

गुणाजीने कागद पालटून मागची बाजू बघितली. ती कोरी होती. त्याने पिशवी खांद्याला लावली आणि गाडी यायला वेळ होता तरी फलाटाच्या टोकाला जाऊन उभा राहिला. श्रीपादने पोचपावतीची तार पाठवली. मग वहीत दिवसभराच्या तारांची नोंद केली. कोपरहून तीन. कल्याणहून एक.

१८८८ च्या माघात, नऊ वर्षांची असताना, लक्ष्मी भरतीच्या वेळी कोपरची खाडी एकटी पोहून पलीकडे गेली होती आणि थोडं थांबून पोहतच परत आली होती.